सेन्सरवरचा गुलाल

अनंत चतुर्दशीला लालबागला श्रॉफ बिल्डिंगसमोर पुष्पवृष्टी सुरू झाली आणि मी तिथेच, गुलालात उभा राहून लेन्स बदलली. त्या दिवशी काही कळलं नाही, सगळे फोटो एफ २.८ वरचे, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं ठेवून काढलेले. आठवड्याने वांद्रे रेक्लमेशनवरून सी लिंक एफ १६ वर काढला, तर आभाळभर करडे ठिपके. एफचा आकडा वाढवून छिद्र बारीक केलं की कणाची सावली टोकदार पडते.

घाबरू नका, धूळ बसते ती सेन्सरपुढच्या (फोटो टिपणाऱ्या चिपपुढच्या) काचेवर. आधी तपासा: आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ २२, फोकस मुद्दाम बिघडवायचा आणि ढगाळ आभाळाचा फोटो. हात हलला तरी चालेल, ठिपके जागचे हलत नाहीत. कॅमेरा समोरून बघताना वरखाली उलटं असतं. फोटोत वर डावीकडे दिसणारा कण काचेवर खाली डावीकडे सापडतो.

मग बॅटरी पूर्ण चार्ज करून लेन्स काढा आणि मेनूतलं हाताने करायचं सेन्सर क्लीनिंग लावा, म्हणजे आरसा वर जाऊन सेन्सर उघडा पडतो. मध्येच बॅटरी गेली तर डीएसएलआरचा आरसा खाली येतो. पंखा बंद. (ऑक्टोबरात हेच सगळ्यात कठीण.) कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरून रबरी ब्लोअरने सात-आठ फुंकर मारा, नळी आत घालू नका. तोंडाने फुंकाल तर थुंकी उडेल; डब्यातली दाबाची हवाही नको, तिच्यातलं रसायन काचेवर बसतं. पुन्हा फोटो काढून बघा. बहुतेकदा इथेच काम संपतं.

माझं संपलं नाही, मुंबईच्या दमट हवेत गुलाल चिकटून बसला होता. मग स्वॅब, म्हणजे सेन्सर पुसायची चपट्या टोकाची काडी: फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) २४ मिमी, एपीएस-सीला (लहान सेन्सरला) १६ मिमी रुंद. सेन्सर साफ करायच्याच द्रवाचे दोन थेंब, जास्त टाकलेत तर वाळल्यावर ओघळ दिसतात. एका कडेने डावीकडून उजवीकडे एकदाच, उलटून दुसऱ्या कडेने परत, आणि स्वॅब कचऱ्यात. स्वॅबच्या पांढऱ्या कडेवर बारीक गुलाबी रेघ उमटली होती. पैसे वाचवायला तोच पुन्हा फिरवला आणि एका ठिपक्याची झाली शेपटी. दुसरा स्वॅब फोडावाच लागला.

कोपऱ्यात एक ठिपका अजून आहे. त्याच्यासाठी तिसरा फोडणार नाही, कॉम्प्युटरवर पुसतो.