मराठी पॅलिंड्रोम पायथनमध्ये शोधताना या चुका टाळा

‘रामाला भाला मारा’ उलट वाचलं तरी तेच राहतं; अशा वाक्याला पॅलिंड्रोम म्हणतात. मोकळ्या जागा काढून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मजकूर उलटवणारं [::-1] लावलं, तर मात्र ते जुळत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, ‘रा’ म्हणजे र आणि काना अशी दोन चिन्हं. चिन्हं उलटवली की काना र च्या आधी जाऊन बसतो.

म्हणून उलटवायची ती अक्षरं. मजकुरात नमुने शोधणाऱ्या ‘रेजेक्स’ (regex) मॉड्यूलमधली बॅकस्लॅश आणि मोठा एक्स (\X) ही खूण मात्रेसकट अक्षर उचलते. पायथनच्या मूळ ‘आरई’ (re) मॉड्यूलमध्ये ती नाही. तरी जोडाक्षरं तपासाच. 2023 मधल्या युनिकोड 15.1 च्या आधीच्या नियमांवर चालणारं साधन ‘स्त्री’चे स्, त्, री असे तीन तुकडे करतं. तसं झालं, तर हलन्त (पाय मोडलेला) तुकडा पुढच्याला जोडा, पण शब्दाच्या आतच. मोकळ्या जागा आधी काढल्यात, तर ‘अर्थात्’मधला त् पुढच्या शब्दाला चिकटेल.

शब्द निवडायला ‘आरई’मधलं बॅकस्लॅश-डब्ल्यू (\w) वापरू नका. ते मात्रांना अक्षर मानत नाही. ‘होडी’चे ह आणि ड उरतात.

‘ती होडी जाडी होती’ काटेकोर कसोटीला उतरतं, ‘चिमा काय कामाची’ नाही, कारण चि आणि ची वेगळे. आपल्याकडे असा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक चालवून घेतात, आणि ते योग्यच आहे; नाहीतर चांगली वाक्यं हातची जातील. फक्त दोन्ही प्रकारांच्या याद्या वेगळ्या ठेवा.

‘दऱ्या’ आणि ‘ॲ’ दोन-दोन प्रकारे टाइप होतात. दिसायला सारखे, आत वेगळे. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या युनिकोडच्या एनएफसी (NFC) नॉर्मलायझेशननंही हा भेद मिटत नाही. बदलीचा नियम स्वतः लिहावा लागतो.

एखादा वर्ण टाळून लिहिण्याच्या खेळात चूक आणखी लपून राहते. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त ओठ दुखावलेला मंत्रगुप्त ओष्ठ्य, म्हणजे ओठांनी उच्चारायचे, वर्ण टाळून आपली हकीकत सांगतो. तसा मराठी मजकूर तपासायला प, फ, ब, भ, म एवढीच यादी पुरत नाही. उ, ऊ, ओ, औ हवेत, आणि त्यांच्या मात्राही, कारण ‘उ’ आणि त्याचा उकार ही संगणकासाठी दोन वेगळी चिन्हं आहेत. दात आणि ओठ दोन्ही लागणारा दंतोष्ठ्य ‘व’ यादीत ठेवायचा की नाही, ते आधीच ठरवा. मग ‘कुठे’ आणि ‘कोण’ हे शब्द तपासायला द्या. ते बिनतक्रार पास झाले, तर यादीत मात्रा राहून गेल्या आहेत.