एका पॅकेटने अडकणारा डीएनएस रिझॉल्व्हर: बाइंडमधला कीट्रॅप कसा तपासायचा, कसा बुजवायचा

कीट्रॅप (नोंद क्रमांक सीव्हीई-2023-50387) हा डीएनएस रिझॉल्व्हरमधला, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरमधला, सुरक्षेचा दोष 13 फेब्रुवारी 2024 ला जाहीर झाला; बाइंड हे असंच एक रिझॉल्व्हर सॉफ्टवेअर. पण रिझॉल्व्हर एकदा चालू झाला की त्याला वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही, त्यामुळे तपासणी आजही करायलाच हवी.

दोष मुळात डीएनएससेकच्या, म्हणजे डीएनएसची उत्तरं डिजिटल सहीने पडताळण्याच्या पद्धतीच्या, नियमांतला आहे. सही कोणत्या किल्लीने पडताळायची हे 16 बिटांच्या की-टॅगवरून ठरतं. एकाच टॅगच्या अनेक किल्ल्या असू शकतात आणि नियम सांगतो, एक जुळली नाही तर पुढची लावून बघा. हल्लेखोर स्वतःच्या झोनमध्ये (डोमेनच्या नोंदींमध्ये) समजा एकाच टॅगच्या 500 किल्ल्या आणि 500 खोट्या सह्या ठेवतो. झाल्या अडीच लाख पडताळण्या, त्याही एका प्रश्नापायी. संशोधकांच्या चाचणीत बाइंड अशा एका उत्तरावर 16 तासांपर्यंत अडकला.

आधी आपला सर्व्हर या भानगडीत येतो का ते बघा. फक्त स्वतःच्या झोनची उत्तरं देणारा, रिकर्शन (दुसऱ्या सर्व्हरना विचारून उत्तर आणणं) बंद असलेला सर्व्हर सहसा सुटतो. रिकर्शन चालू आणि डीएनएससेक-व्हॅलिडेशन (सह्या पडताळण्याची सेटिंग) 'ऑटो' किंवा 'येस' असेल, तर येतो. 'अलाउ-रिकर्शन' आतल्या नेटवर्कपुरतं ठेवलंय म्हणून निश्चिंत राहू नका: हल्लेखोराच्या डोमेनवरून आलेली एक मेल पुरते, तुमचा मेल सर्व्हरच ते नाव रिझॉल्व्हरला विचारतो.

दुरुस्त आवृत्त्या: बाइंड 9.16.48 आणि 9.18.24, अनबाउंड 1.19.1, नॉट रिझॉल्व्हर 5.7.1, डीएनएसमास्क 2.90. यातली 9.16 शाखा आता बंद झाली आहे, तिच्यावर असाल तर पुढच्या शाखेवरच जा.

आवृत्ती बघताना दोन ठिकाणी फसगत होते. रेड हॅट आणि त्याच्या वंशातल्या रॉकी, अल्मामध्ये जुनाच क्रमांक ठेवून आत पॅच घातलेला असतो. तिथे 9.16.23 दिसलं तर 'आरपीएम -क्यू --चेंजलॉग बाइंड' चालवून त्यात 50387 शोधा. दुसरी फसगत जास्त महागात पडते: 'नेम्ड -व्ही' (नेम्ड म्हणजे बाइंडचा मुख्य प्रोग्राम) डिस्कवरच्या फाइलची आवृत्ती सांगतो. पॅकेज नवं आणि प्रोसेस मात्र जुनीच, असं सर्रास होतं. मेमरीत काय चाललंय ते बाइंडच्या 'आरएनडीसी स्टेटस' कमांडच्या पहिल्या ओळीत दिसतं. रेड हॅटच्या वंशात क्रमांक जुनाच राहतो, ते सोडून बाकी ठिकाणी तीच ओळ खरी माना.

अपग्रेड एका वेळी एकाच रिझॉल्व्हरचं करा. आधी 'नेम्ड-चेककॉन्फ'ने कॉन्फिगरेशनची तपासणी, मग पॅकेज, मग रीस्टार्ट. रीलोडने नवं बायनरी चढत नाही. रीस्टार्टनंतर कॅश रिकामी असते, म्हणून सुरुवातीला उत्तरं थोडी रेंगाळतील. ती भरू द्या, मगच दुसऱ्याला हात घाला.

पॅच लगेच शक्य नसेल तर डीएनएससेक-व्हॅलिडेशन 'नो' करून हल्ला टळतो, पण मग खोटी उत्तरंही बिनबोभाट आत येतात. आमच्या मते हा फार तर रात्रभराचा उपाय, आणि व्हॅलिडेशन परत चालू करण्याची वेळ आधीच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

नंतर 'डिग' या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडने 'डीएनएससेक-फेल्ड डॉट ऑर्ग' हे मुद्दाम चुकीच्या सहीचं नाव विचारा. 'सर्व्हफेल' (उत्तर देता आलं नाही) आलं पाहिजे, आणि '+सीडी' (पडताळणी नको) लावल्यावर पत्ता मिळाला पाहिजे. पहिल्याच वेळी पत्ता मिळाला तर व्हॅलिडेशन बंदच राहिलंय.

मॉनिटरिंगही तपासा. या हल्ल्यात प्रोसेस मरत नाही, नुसती सीपीयू खात बसते; त्यामुळे सिस्टमडीचं (लिनक्समध्ये सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामचं) 'रीस्टार्ट ऑन-फेल्युअर' हलतच नाही. क्लायंटचेही हाल वेगळे: मशीन चालू पण नेम्डची प्रोसेस बंद असेल तर 'पोर्ट अनरीचेबल' येऊन तो लगेच दुसऱ्या रिझॉल्व्हरकडे वळतो, अडकलेला असेल तर लिनक्समध्ये प्रत्येक प्रश्नाला आधी 5 सेकंद थांबतो. 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ'मध्ये 'टाइमआउट:1' टाका, आणि अलार्म प्रोसेसवर न लावता दर मिनिटाला खरा प्रश्न विचारून, उत्तराला लागलेल्या वेळेवर लावा.