४०० गेमवालं छोटं कन्सोल घेतलंय? आधी मागचं झाकण उघडा

४०० इन १ लिहिलेलं ते हातात मावणारं कन्सोल असतं ना, त्याबद्दल सारखं कोणीतरी विचारतं म्हणून एकदाच लिहून टाकतो. बॉक्समधून काढलं की लगेच बटणं दाबत बसू नका, आधी मागचं झाकण काढा. आत बहुतेकदा बीएल-५सी बॅटरी असते, म्हणजे जुन्या नोकियातली तीच ३.७ व्होल्टची, आणि तिच्या पिनांवर कधीकधी पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते, ती काढायची. मी ती न बघताच तासभर चार्जिंगला लावून बसलो आणि पीस खराब आहे म्हणून परत द्यायला निघालो होतो.

चार्जिंगला साधा ५ व्होल्टचा अॅडॉप्टर नाहीतर कॉम्प्युटरचा यूएसबी पुरतो. टाइप-सी पोर्ट असेल आणि दोन्ही बाजूंना सी असलेल्या केबलने चार्ज होत नसेल तर घाबरू नका, एका बाजूला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावा, होतं. रात्रभर मात्र लावून झोपू नका. बॅटरीवर शंका आली तर टेबलावर आडवी ठेवून बोटाने फिरवा, भोवऱ्यासारखी गरगरली म्हणजे फुगलीय, बदला.

आता गेम. आतला मामला १९८३ च्या फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या टीव्ही गेम कन्सोलची नक्कल, ८ बिटवाला, आणि ४०० हा आकडा फार मनावर घेऊ नका, तोच गेम नाव बदलून चार-चारदा घुसवलेला असतो. म्हणून पहिल्याच दिवशी लिस्ट चाळून आवडलेल्या गेमचे नंबर कागदावर लिहून ठेवा, नाहीतर दरवेळी पानं उलटत बसाल. कॉन्ट्रा असेल तर गेमच्या नावाच्या पहिल्या स्क्रीनवर वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए स्टार्ट मारून बघा, ३० लाइफ मिळतात (काही पीसमध्ये आधीच दिलेल्या असतात, मग काय मजा).

मेनूत परत यायला रिसेट, आणि इथेच सगळे फसतात, कारण बहुतेक पीसमध्ये सेव्ह नसतोच, रिसेट दाबलं किंवा बॅटरी बसली की सातव्या लेव्हलवरून थेट पहिल्या लेव्हलवर. मध्येच उठायचं असेल तर स्टार्ट दाबून पॉज करा आणि चार्जर लावून ठेवा.

टीव्हीला जोडायची केबल असेल तर पिवळी पिन पिवळ्यात, ती व्हिडिओची, दुसरी आवाजाची. केबल खोचली की छोटी स्क्रीन काळी पडते, ते नॉर्मल आहे. चित्र ब्लॅक अँड व्हाइट आलं किंवा वरखाली पळायला लागलं तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये पाल-एनटीएससी (टीव्ही सिग्नलचे दोन प्रकार) बदलून बघा.

बटण दाबूनही मारिओ उडी मारत नसेल तर बॅटरी काढा, मागचे स्क्रू खोला, रबराच्या पॅडखाली काळे ठिपके असतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने हलक्या हाताने पुसा, घासलंत तर तो काळा थरच निघून जाईल. आणि स्क्रू वाटीत ठेवा, माझा एक अजून सोफ्याखाली आहे.