मृत्युपत्र करायला बसले, तर फ्लॅटच पूर्ण माझा नव्हता

हे जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला, मुलगी नाशिकला, दोघंही तिशीपार. फ्लॅट मुलीला, ठेवी मुलाला असं मनाशी ठरवून कोऱ्या कागदावर मसुदा लिहिला (मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही) आणि वकीलबाईंकडे गेले.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं, फ्लॅट घेतला कोणाच्या नावावर? ह्यांच्या. मी नॉमिनी, म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर करून दिलं होतं. मी तेच उराशी धरून बसले होते! पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ह्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, सासूबाई आधीच गेलेल्या. त्यामुळे १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार आम्हा तिघांचा एकेक तृतीयांश हिस्सा. मला फक्त माझ्या हिश्शाबद्दलच लिहिता येणार होतं.

मुलाला त्याचा हिस्सा सोडल्याची सही मागायला जीभ रेटेना. शेवटी दिवाळीत दोघांना समोर बसवून ठेवींचे आकडेसुद्धा सांगितले. तो म्हणाला, "आई, एवढंच ना?" दोघांनी माझ्या नावे हक्कसोडपत्र केलं. ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावंच लागतं.

मग मृत्युपत्र. साक्षीदार दोन, शेजारच्या काकू आणि माझी मैत्रीण. दोघींना त्यातून काहीच मिळणार नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला. नोंदणी सक्तीची नसते, तरी केली.

मोहनमाळ कोणाला, ते अजून ठरत नाहीये. दोघी, लेक आणि सून, तिच्याकडे बघतात.