सबवूफरचा फिल्टर: आधी ८० वर आणा

गाडीच्या डिकीत सबवूफर (फक्त खालचे, बासचे सूर वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब) बसवला आणि गाण्यातला गायकच डिकीतून गातोय असं वाटायला लागलं, तर दोष सबचा नाही, अँप्लिफायरवरच्या एलपीएफचा आहे, म्हणजे ठरावीक आकड्याच्या वरचे सूर सबपर्यंत न जाऊ देणाऱ्या लो-पास फिल्टरचा. माझ्या गाडीत तो नॉब बसवणाऱ्याने पार टोकाला फिरवून ठेवला होता. कात्रजच्या बोगद्यात काचा वर करून तबला ऐकला, तेव्हा बायाँ (जाड आवाजाचा डग्गा) मागून आणि दायाँ पुढून येत होता!

आधी हेडयुनिटमधला (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टीममधला) सबचा फिल्टर बंद करा. दोन्हीकडे फिल्टर लागला की बास उगाच मरतो. बास बूस्ट शून्यावर. मग बारीक स्क्रूड्रायव्हरने एलपीएफ ८० हर्ट्झच्या आसपास आणा. नॉबवरचे आकडे अंदाजेच असतात, म्हणून शेवटचा निर्णय कानाचा. माणसाचा आवाज सबमधून ऐकू आला तर अजून खाली या. दारांच्या स्पीकरना हायपास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) लावायचा, तोही साधारण ८० वर. ढोलाचा ठोका पुढूनच आल्यासारखा वाटला की जमलं.

सबचा बॉक्स पोर्टेड, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेला असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) विसरू नका: बॉक्स ३५ हर्ट्झला ट्यून केलेला असेल तर हा फिल्टर ३० च्या जवळपास. त्याखाली कोनला (सबच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार उरत नाही आणि तो नुसताच फडफडतो. सीलबंद बॉक्सला एवढी काळजी नको.

फेज (सबच्या आवाजाची लाट सुलट-उलट करणारा स्विच) ० आणि १८० दोन्ही करून बघा, ड्रायव्हर सीटवर बसूनच. आणि हे सगळं सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुपारी एक ते चार सोडून करा.