चार वर्षांची डिग्री, सहा वर्षांचा मुक्काम

2010 साली मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला आणि 2016 च्या मार्चमध्ये शेवटची मार्कशीट हातात पडली. मधल्या काळात आईने नातेवाइकांना 'आता शेवटचंच वर्ष आहे' असं तीन वेगवेगळ्या लग्नांत सांगितलं. केटी, म्हणजे राहिलेला विषय, काय असते, सबमिशनला सह्या कशा मिळवायच्या, ओरलला एक्स्टर्नलसमोर कसं बसायचं, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मी लिहितोय ते वायडीबद्दल, म्हणजे इयर डाउन: विषय राहिला म्हणून पुढच्या वर्गात प्रवेश न मिळता एक वर्ष घरी बसणं. माझा वायडी अभ्यासापेक्षा एका फॉर्ममुळे जास्त बसला, म्हणून.

विषय होता एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर. लाप्लास, फुरिए, व्हेक्टर कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमला, डिसेंबर 2011 मध्ये, पहिल्यांदा गेला. मे 2012 ला पुन्हा गेला. तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय सोबत घेऊन पुढच्या वर्गात बसायच्या सवलतीवर, थर्ड इयरला बसलो आणि निवांत झालो. खरी चूक तिथून सुरू झाली. किती विषय राहिले तर पुढे जाता येतं, याचे आकडे विद्यापीठागणिक आणि पॅटर्नगणिक, म्हणजे अभ्यासक्रमागणिक, बदलतात. पण आपल्याकडच्या इंजिनिअरिंगचं मुख्य सूत्र बहुतेक ठिकाणी सारखंच: फर्स्ट इयर पूर्ण निघाल्याशिवाय थर्ड इयर नाही, सेकंड इयर पूर्ण निघाल्याशिवाय बीई, म्हणजे शेवटचं वर्ष, नाही. म्हणजे राहिलेला विषय वर्षभर गपगुमान मागे मागे चालतो आणि ऐन दारात आडवा पडतो. थर्ड इयरचे सगळे विषय तुम्ही पहिल्या फटक्यात काढले असतील, तरी कोणी विचारत नाही.

डिसेंबर 2012 ला तिसऱ्यांदा पेपर दिला. निकाल लागला तेव्हा मार्क होते 37, पासिंग 40. तीन मार्क! शून्य पडले असते तर बरं झालं असतं, असं मी आजही म्हणतो. शून्यवाला गुपचूप अभ्यासाला लागतो. तीन मार्कांनी गेलेला माणूस रिव्हॅल टाकतो, म्हणजे पेपर पुन्हा तपासा असा अर्ज करतो.

मी आधी फोटोकॉपी मागवली. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला मिळणं हा विद्यार्थ्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये माहिती अधिकाराच्या एका खटल्यात सांगितलं आहे, आणि मागवाच, त्यात दुमत नाही. पण ती वाचायची कशी हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. मी आणि रूममेटने रात्री चहा घेत माझा पेपर तपासला आणि मला उदार मनाने 46 मार्क दिले. जिथे स्टेप अर्धी होती तिथे 'मेथड तर बरोबर आहे ना' म्हणून दोन. पार्शल फ्रॅक्शनमध्ये चिन्ह चुकल्यामुळे पुढचं पूर्ण उत्तर गंडलं होतं, तिथेही तीन. दुसऱ्या दिवशी रिव्हॅलचे पैसे भरले.

आता इथे नीट लक्ष द्या. ही एकच गोष्ट समजली तरी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

निकाल लागला की चार घड्याळं एकदम चालू होतात: फोटोकॉपीची मुदत, रिव्हॅलची मुदत, पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची मुदत आणि रिव्हॅलचा निकाल. पहिल्या तिघांच्या तारखा नोटीस बोर्डावर लागतात. चौथ्याची तारीख कोणीच सांगत नाही. तो परीक्षेच्या आधी लागेल असं गृहीत धरायला काहीही आधार नसतो. माझ्याकडेही नव्हता. मे 2013 चा फॉर्म भरताना मी थर्ड इयरचे विषय टाकले आणि एम-थ्रीची जागा मोकळी सोडली. परीक्षा विभागातल्या काकांनी विचारलंसुद्धा, "एम-थ्री टाकायचा नाही का?" मी म्हणालो, "रिव्हॅल टाकलंय काका, निघणार आहे." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला. मी त्या दिवशी काहीशे रुपये वाचवले आणि मित्रांना वडापाव खाऊ घातले.

रिव्हॅलचा निकाल जूनमध्ये आला, परीक्षा संपून गेल्यावर. नो चेंज. 37 ते 37.

फॉर्म नाही म्हणजे पेपर नाही, पेपर नाही म्हणजे एम-थ्री निघाला नाही, म्हणजे बीईला प्रवेश नाही. थर्ड इयर ऑल क्लियर असूनही मी जुलै 2013 मध्ये घरी बसलो. डिसेंबरला पेपर दिला तर 58 पडले, पण बीईचा प्रवेश पुढच्या जुलैलाच. तीन मार्कांची किंमत एक पूर्ण वर्ष. रिव्हॅल टाकायचं असेल तर खुशाल टाका, पण फॉर्म भरूनच टाका आणि अभ्यास असा करा की रिव्हॅल टाकलंच नाही. निघाला तर फॉर्मचे पैसे गेले, एवढंच नुकसान. तारीख चुकली तर लेट फी भरा, तीही चुकली तर सुपर लेट फी भरा, उसने घ्या, पण भरा.

हेच मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर? काकांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की कॉलेजमधला सगळ्यात कामाचा मार्गदर्शक परीक्षा विभागातला क्लार्क असतो. एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, 'मेहनत करा' म्हणतात, टॉपर 'कन्सेप्ट क्लियर करा' म्हणतो, आणि दोघांनाही सुपर लेट फी कधी भरावी लागलेली नसते. सल्ला घ्यायचाच तर वायडी बसून पुढे निघालेल्या सीनियरचा घ्या. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री फिरणारी ती 'फिक्स इम्पॉर्टंट' पीडीएफ उघडू नका. मला तिने दोन वेळा बुडवलं. 58 पडले ते एका साध्या कामाने: मागचे आठ पेपर वेळ लावून पूर्ण सोडवले, पेनने, बेरजेसकट.

पैशाचं थोडक्यात. वायडीत प्रवेश नसल्यामुळे सहसा फी नसते, पण एसटीचा पास, हॉस्टेल, शिष्यवृत्ती यांचे प्रश्न येतात. प्रत्येकाची चौकशी वेगळी करा. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेपासून तोंड लपवू नका. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला नाही तर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढीची तरतूद आहे. ती आपोआप मिळत नाही, लेखी मागावी लागते. डिग्री पूर्ण करायला एकूण किती वर्षं मिळतात, हेही आपल्या विद्यापीठाच्या नियमांत बघून ठेवा. यूजीसीचं सर्वसाधारण धोरण मूळ मुदत अधिक दोन वर्षं असं आहे. पॅटर्न बदलला तर जुन्या विषयाचा पेपर कायम निघत राहत नाही, म्हणून राहिलेला विषय जुना होऊ देऊ नका.

वायडीचं वर्ष कसं जातं? पहिले दोन महिने वाईट जातात. मी गावात दुपारीच बाहेर पडायचो, कारण संध्याकाळी कट्ट्यावर माणसं असायची आणि त्यांचा प्रश्न ठरलेला: "कितव्या वर्षाला रे आता?" सप्टेंबरमध्ये भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलो, जवळजवळ फुकट. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर कॉलेजात हाताळले होते, पण तिथे पहिल्या आठवड्यात माझ्या चुकीच्या रीडिंगमुळे अख्खा लॉट परत तपासावा लागला. ड्रॉइंग वाचायला मी तिथे शिकलो. असं काहीतरी धराच. नुसतं घरी बसून एका विषयाचा अभ्यास वर्षभर होत नाही, करून पाहिलाय.

मग बीईला ज्युनियरांच्या वर्गात बसलो. सगळे 'दादा' म्हणायचे, प्रोजेक्ट ग्रुपमध्ये मात्र कोणी घेईना. शेवटच्या सेमला पुन्हा एक विषय राहिला, म्हणून आणखी सहा महिने. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आळस होता.

नोकरीचं खोटं सांगणार नाही. कॅम्पसला 'साठ टक्के थ्रूआऊट, नो लाइव्ह बॅकलॉग', म्हणजे सगळीकडे साठ टक्के आणि एकही विषय राहिलेला नको, अशी अट असते, आणि तिथे माझ्यासारख्यांचं नाव यादीतच येत नाही. पण सगळं जग कॅम्पसमधून जात नाही. एमपीएससी राज्यसेवेच्या बहुतेक पदांना किंवा यूपीएससीच्या नागरी सेवेला पदवी लागते, टक्केवारीची अट नाही आणि किती वर्षांत काढली हे अर्जावर आडवं येत नाही. मला चाकणला क्वालिटी विभागात नोकरी लागली. मुलाखतीत 2013-14 बद्दल विचारलं. मी म्हणालो, "एक विषय राहिला होता, ते वर्ष वर्कशॉपमध्ये काढलं." त्यांनी समोरचा जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, हातात दिला आणि माप घ्यायला सांगितलं. गॅपचं उत्तर दोन वाक्यांच्या वर नेऊ नका. आजारपण, घरची अडचण असलं काही रचू नका, मार्कशीटवर तारखा असतात.

मला अजूनही स्वप्नात एम-थ्रीचा हॉल दिसतो. पेपर चालू असतो आणि माझ्या हातात हॉल तिकीट नसतं.

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, तीन मार्कांनी गेला. रिव्हॅल टाकलंय, सर म्हणतात नक्की निघेल." मी विचारलं, फॉर्म भरलास? तो म्हणाला, "तो कशाला आता?" लेट फीची तारीख उलटून गेली होती, सुपर लेट फीचे दोन दिवस बाकी होते. पैसे मी पाठवले आणि पावतीचा फोटो येईपर्यंत फोन ठेवला नाही. रिव्हॅल अजून लागलेलं नाही.