ऑपरेशनआधी स्वयंपाकघराची तयारी

ऑपरेशनची तारीख ठरली की घरात प्रोटीन पावडरचा डबा येतो आणि कुणीतरी भात बंद करायला सांगतं. भात बंद करू नका. यकृतातला साखरेचा साठा उपाशीपोटी जेमतेम दिवसभर पुरतो, आणि एकट्या मेंदूला रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. ते खाण्यातून आलं नाही तर शरीर स्नायू मोडून तयार करतं. मग जखम भरून यायला दिलेली प्रथिनंही त्यातच खर्ची पडतात.

पहिलं काम भूलतज्ज्ञांना विचारण्याचं: शेवटचं खाणं किती वाजता, पाणी कधीपर्यंत? बऱ्याच रुग्णांना जड नसलेलं खाणं सहा तास आणि नितळ द्रव (पाण्यासारखे आरपार दिसणारे) दोन तास आधीपर्यंत चालतात, पण तुमच्या रुग्णाचं काय ते भूलतज्ज्ञच सांगतील. दूध आणि पेज नितळ द्रवात मोडत नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

मग डबे भरा. तांदूळ, मूगडाळ, नाचणीचं पीठ, साळीच्या लाह्या, मेतकूट, तूप. थोडे तांदूळ धुऊन, वाळवून, हलके भाजून त्यांची कणी काढून ठेवा; दवाखान्यातून आल्यावर दळत बसायला कुणाला वेळ नसतो. पेजेसाठी ५० ग्रॅम कणी आठ-दहा पट पाण्यात मंद आचेवर, चमच्यावरून सहज ओघळेल इतकी शिजवायची, वर मीठ आणि चमचाभर तूप. एवढ्यात जवळपास ४० ग्रॅम कर्बोदकं जातात. एकदम वाडगाभर घेववत नाही, म्हणून दोन-दोन तासांनी थोडी द्या. पोटाचं ऑपरेशन असेल तर सुरुवात कधी करायची ते सर्जनच ठरवतील.

साबुदाण्याच्या खिरीवर मात्र फार विसंबू नका, त्यात प्रथिनं नावापुरतीच. पेज पचू लागली की मूगडाळ घालून खिमट, मग मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी.

ओआरएसची पाकिटं आणून ठेवा, जुलाब लागले तर उपयोगी पडतात. त्यातलं ग्लुकोज आतड्यातून मीठ-पाणी आत ओढून घेतं, म्हणून पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा.

मधुमेह असेल तर ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मोजून घ्या. ऑपरेशनच्या ताणाने साखर चढते, पण म्हणून भात तोडण्याआधी औषधाचा डोस विचारा. आणि रुग्ण कित्येक दिवस जवळपास उपाशीच असेल, तर एकदम भरपूर गोड किंवा भात देऊ नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धोकादायक उतरू शकतं. अशा वेळी आहाराची सुरुवात दवाखान्यातच होऊ द्या.